बाराव्या ओवीचा दगड

"तीन सतरा!"

जंगम सर सायकलवरून उतरता उतरता ओरडले. मी चुना फासलेल्या दगडावर हात टेकून ओणवी झाले होते. घाम नाकाच्या शेंड्यावरून मातीत ठिबकत होता. सात महिन्यांत पहिल्यांदाच मी एक किलोमीटर तीन मिनिटं वीस सेकंदांच्या आत पळाले होते. खरं तर नाचायलाच हवं होतं.

पण माझ्या तोंडात ओवीचा एक चरण उरला होता.

हे नीट सांगायला हवं. मी कधी घड्याळ लावून पळाले नाही. आई पहाटे दळायला बसली की एका ओवीत जात्याचे किती फेरे होतात, हे मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोजायची. पळायला लागले तेव्हा तीच खोड पायात उतरली. मनात ओवी म्हणायची आणि तिच्या ठेक्यावर पाऊल टाकायचं. एका ओवीला पन्नास पावलं. कालव्याच्या रस्त्यावर, बाभळीपासून चुन्याच्या दगडापर्यंत, सरांनी साखळी लावून मोजलेला एक किलोमीटर होता. त्याला बरोबर बारा ओव्या लागत. अकरा ओव्या मनाला येतील त्या, पण बारावी ठरलेली. ती माझी मीच केलेली होती :

वाट माझे बाई, किती तू लांबली
माझ्या पायापाशी, येऊन थांबली.

'थांबली' म्हणायला आणि हात दगडाला लागायला एकच गाठ पडे. सर पहिल्यांदा हसले होते. मग वर्षभर त्यांनी घड्याळाशी माझ्या ओव्या ताडून पाहिल्या आणि हसायचे थांबले. "घड्याळ माझं, ओवी तुझी. दोघांत खोटं बोलणारं कोणी नाही," म्हणायचे.

सात महिन्यांनी मी कालव्याच्या रस्त्यावर परत आले, त्या मंगळवारी मात्र दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं. बारावीचे तीन चरण झाले, चौथा म्हणणार तोच दगड आला.

एखाद्याला वाटेल, पाऊल लांब पडलं असेल. पण माझं पाऊल आखूड झालं होतं. डोंगरातल्या एका शर्यतीत उतारावर पडले, उजव्या गुडघ्यातली गादी फाटली आणि डॉक्टरांनी ती निम्मी कापून काढली. तेव्हापासून पाऊल जवळजवळ वीतभर आखूड. पाऊल आखूड म्हणजे तेवढ्याच रस्त्याला पावलं जास्त, पावलं जास्त म्हणजे ओव्या जास्त. तेरा झाल्या असत्या तर मी मुकाट्यानं मान्य केलं असतं. बारासुद्धा पुऱ्या न होणं अशक्य होतं.

"काय गं? खूश नाहीस?" सरांनी विचारलं.

"हाय की," मी म्हणाले, आणि वर बघितलं नाही.

मी छत्तीस वर्षांची होते. राष्ट्रीय मॅरेथॉनच्या निवड चाचणीला सरांच्या सराव केंद्रातून एकच नाव जायचं होतं, शनिवारी. एक तर माझं, नाहीतर निमीचं. निमी म्हणजे निर्मला खरात, एकवीस वर्षांची, शेजारच्या वाडीची. आठवड्यातून दोनदा माझ्याच चुलीपुढं बसून भाकरी खायची. सरांनी आम्हा दोघींना समोर उभं करून सांगितलं होतं, "सगुणा ओळीनं तीन दिवस तीन-वीसच्या आत आली तर ती जाणार. नाही आली तर निमी." निमी चटकन "चालेल सर" म्हणाली होती. फार चटकन म्हणाली, असं मला आता वाटायला लागलं.

घरी आले तर नवरा मेंढरं बाहेर काढत होता. त्याचं नाव बिरा. तेव्हा मी ते तोंडानं घेत नसे, आता घेते.

"किती पळालीस?"

"चार."

"चार डाव दगडापतूर?"

"व्हय."

बिराच्या लेखी किलोमीटर म्हणजे बाभळीपासून दगडापर्यंतचा रस्त्याचा तुकडा. जगात आणखी कुठं किलोमीटर असतो, हे त्याला पटत नसे. एकदा मी दिल्लीला पळून आले तर विचारत होता, "तिथं दगड कुनी ठिवला?"

"पाय दुखतोय का?" त्यानं विचारलं.

"न्हाय. आज लई हलकं वाटलं."

हे ऐकून तो असा हसला, जणू मी नव्हे, तोच पळून आला होता. मला ते हसणं आवडलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या दवाखान्यात तपासणीला गेलो होतो, तेव्हा मी पट्टी बांधून घेत होते आणि काचेपलीकडं डॉक्टर बिराला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होते. बिरा मान हलवत होता, दोनदा, तीनदा. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हनलं?" तर मुंडासं सारखं करत म्हणाला, "काय न्हाय. जपा म्हनलं." माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. बोलला की हात मुंडाशाला जातो.

त्यानं काय लपवलं असेल, ते मी तीन आठवडे मनात दळत होते. बहुधा डॉक्टरांनी सांगितलं असेल की ही संपली. बिरानं ते सरांना सांगितलं असेल. आणि सरांनी काय केलं असेल?

बुधवारी पळताना मी त्याचा धागा धरला. बाभळीपासून दगडाकडं बघितलं तर काही कळत नव्हतं. मी घरी पडून होते त्या महिन्यांत कालव्याची डागडुजी झाली होती. कडेची झाडं गेली होती, दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर वाढला होता. मधे नजर अडकायला एक खूण उरली नव्हती. दगड मात्र पांढराशुभ्र. इतका पांढरा, की चुना नुकताच फासला असावा.

तीन सोळा. पुन्हा चौथा चरण तोंडातच.

सर सायकल स्टँडवर लावून माझ्याजवळ आले. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. घड्याळाकडं बघत, सहज विचारल्यासारखं बोलले, "ओव्या किती झाल्या आज?"

त्या पहिल्या वर्षानंतर त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी सावध झाले. मला काही कळलंय का, ते चाचपतायत. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बारा."

"पुऱ्या बारा?"

"पुऱ्या बारा."

सरांनी हळूच मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेल्यासारखं झालं. ते काय होतं, हे मला दोन दिवसांनी कळणार होतं. त्या वेळी वाटलं, त्यांना हायसं वाटलं.

घरी येऊन भाकरी थापता थापता मी सगळं जुळवलं. सरांना निमीला पाठवायचं होतं. पण मी त्यांची जुनी पोर. मला काढलं असतं तर तालुक्यात लोक बोलले असते. म्हणून दगड अलीकडं घ्यायचा, मला तीन सतरा दाखवायचे, वाजतगाजत चाचणीला पाठवायचं. तिथं मी सगळ्यांच्या मागं, लंगडत. मग सर म्हणायला मोकळे : मी नाही काढली, तीच पडली. पुढच्या खेपेपासून निमीची वाट साफ.

तव्यावरची भाकरी करपली. बिरा म्हणाला, "ध्यान कुठं हाय?"

"तुमचं कुठं असतं? दवाखान्यात काय बोलनं झालं ते आजून सांगत न्हाय."

हात मुंडाशाला गेला. "जपा म्हनलं."

गुरुवारी मी मुद्दाम अर्धा तास आधी निघाले. उजाडत होतं. कालव्याच्या पाण्यावर वाफ होती. आणि समोरून, दगडाच्या बाजूनं, निमी येत होती. केस कपाळाला चिकटलेले, छाती भात्यासारखी हलत होती. निमीचा सराव शाळेच्या मैदानावर असायचा. कालव्याला ती कधी येत नसे.

"हितं कुठं गं?"

ती दचकली. "ताई... जरा पाय मोकळे करायला."

"एवढा घाम? पाय मोकळे करताना?"

"गरम होतंय."

माघाचा महिना होता. आमच्या दोघींच्या तोंडातून धूर निघत होता.

"सरांनी धाडलं?" मी विचारलं.

"न्हाई!" ती म्हणाली, परत फार चटकन. "ताई, येऊ मी? आई वाट बघतीया." आणि गेली. मागं वळून एकदा बघितलं, मग पळतच गेली. ही पोर माझ्या घरी भाकरीवर लोणी मागून घेते, म्हटलं. नि आता माझ्याकडं बघतसुद्धा नाही.

त्या दिवशी तीन पंधरा. सरांनी घड्याळ खिशात टाकलं. आकडाही मोठ्यानं सांगितला नाही, मीच मागून घेतला.

"झालं तीन दिवस," मी म्हणाले. "नाव?"

"शनिवारी बघू."

"बघायचं काय त्यात? तुमीच म्हनला हुता."

"सगुणा," सर बाभळीकडं बघत म्हणाले, "बारा वर्षं झाली आपल्याला. तुला मला काही सांगायचंय का?"

"मला? न्हाय. तुमाला सांगायचंय?"

"नाही."

दोघंही बाभळीकडं बघत राहिलो.

शुक्रवारी दुपारी सर केंद्रात आणि बिरा रानात असताना मी त्याची सायकल काढली. चाकाचा घेर आधीच शिवणकामाच्या टेपनं मोजून ठेवला होता. किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे यायला हवेत. चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधली आणि बाभळीपासून सायकल हातात धरून चालत निघाले. चिंधी वर आली की एक. ऊन होतं, उसात पाखरं भांडत होती. मी एकही आकडा चुकू दिला नाही.

चारशेच्या आतच दगड आला.

मी थांबले नाही. पुढं चालत राहिले. साडेचारशेच्या थोडं पुढं, कडेच्या हिरव्या गवतात एक चौकोन उघडा पडला होता. पिवळट, ओलसर माती, एखाद्या पातेल्याखाली दबलेल्या गवतासारखी. कडेला चुन्याचे ठिपके. मुंग्यांनी घर करायला घेतलं होतं. बारा वर्षं तिथं दगड होता.

मी त्या चौकोनाशी उकिडवी बसले. गुडघा कुरकुरला. मनात आलं, इथवर पळाले असते तर किती झाले असते? तो हिशेब करायचा नव्हता म्हणून मी रागावले. राग धरायला सोपा होता.

तेवढ्यात आवाज आला. दगडाच्या बाजूनं सर आणि निमी येत होते. सरांच्या हातात सर्वेक्षणाची लांबलचक टेप, दुसरं टोक निमीकडं. दोघं मोजत येत होते. मला बघून सर जागीच उभे राहिले.

"या," मी म्हणाले. "आता परत जागंवर ठिवायला आला व्हय? चाचणी व्हायच्या आधीच?"

"आम्ही?" सरांचा आवाज चिरला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "आम्ही ठेवायला? सगुणा, लाज वाटू दे! बारा ओव्या म्हणालीस. पुऱ्या बारा, माझ्या डोळ्यांत बघून! तुझं पाऊल केवढं पडतंय, मला दिसत नाही? आंधळा आहे मी? मंगळवारीच ओळखलं होतं काहीतरी चुकतंय. मी तुला विचारलं, की एकदा तू सांगशील. एकदा."

"म्हंजी? तुमाला वाटलं, मी सरकवला?"

"मग कोणी?"

"तुमी! निमीला धाडायचं म्हनून मला तोंडघशी पाडायला!"

"मी?" सर मटकन खाली बसले, रस्त्यातच. टेप त्यांच्या पायाशी गुंडाळी होऊन पडली.

निमी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मग एकदम फाटल्यासारखी बोलली. "झालं का तुमचं? चार दिस मला बोलवनं चाललंय. सर म्हनत्यात, निमी, पहाटं जाऊन पळून बघ, ताईला कळू देऊ नकोस. मी पळाले तर अडीच मिनिटांच्या वर थोडं! मी काय घोडा हाय? आनि ताई डोळं वटारून विचारत्यात, सरांनी धाडलं का? तुमी दोगं एकमेकावर पाळत ठिवा, मला मधी घालू नका. मला तर ताईच्या हातची भाकरी ग्वाड लागना चार दिसापासनं."

कालव्याचं पाणी वाहत होतं. लांबून मेंढरांच्या घंटा ऐकू आल्या. बिरा कळप घेऊन पाणी पाजायला येत होता. आम्हा तिघांना रस्त्यात बघून त्यानं लांबूनच विचारलं, "काय हरवलंय?"

"दगड," मी म्हणाले.

"हाय की तिथं."

"हितं हुता. कुनीतरी सरकवलाय."

"व्हय," बिरा म्हणाला. "म्या."

मेंढरं पाण्यावर वाकली. सर उभे राहिले.

"आसं काय बगताय?" बिरा गोंधळला. त्याचा हात मुंडाशाकडं गेला नाही. "डाक्टरांनीच सांगितलं न्हवं. 'हिचे किलोमीटर कमी करा. ती ऐकायची न्हाय, तुमीच काय ते बघा.' म्या म्हनलं बरं. आनि हिला सांगितलं आसतं तर हिनं ऐकलं आसतं का? म्हनून न सांगता दगड आनला आलीकडं. दीडशे ढांगा. लई न्हाय केला. वर चुना बी दिला, वळकू येऊ नये म्हनून."

सरांचं तोंड उघडं राहिलं. "अहो बिराप्पा... किलोमीटर कमी करा म्हणजे... सहा पळत असेल तर चार पळू द्या, असं!"

"मंग तसं म्हनायचं," बिरा शांतपणे म्हणाला. "सहाचं चार करा. किलोमीटर कमी करा म्हनलं, म्या कमी केला." मग माझ्याकडं वळला. "तू म्हनलीस की, हलकं वाटलं."

पहिली निमी हसली. मग सर हसले, टेप उचलता उचलता परत खाली सोडून. मीही हसले, पोट धरून. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होते. थांबले तेव्हा सगळ्यात आधी सरांची नजर खाली गेली. कारण आता आम्हा दोघांकडं संशय उरला नव्हता, आणि तो गेल्यावर जे उघडं पडलं, ते त्या चौकोनासारखं समोर होतं.

"उद्या सकाळी," सर म्हणाले. "खऱ्या दगडापर्यंत."

बिरानं तिथल्या तिथं दगड खांद्यावर घेऊन आणला आणि त्या पिवळ्या चौकोनात बसवला. मुंग्या बाजूला झाल्या.

शनिवारी थंडी होती. निमी दगडाशी उभी होती, बिरा तिच्या शेजारी. सर सायकलवर माझ्या बाजूनं. मी बाभळ सोडली. पहिली ओवी आईची, दुसरी आईची, पाचवी-सहावीला गुडघा तापला, आठवीला गप्प झाला. मी जीव तोडून पळाले, हे मला कुणी सांगायला नको. बारावी आली. वाट माझे बाई, किती तू लांबली. माझ्या पायापाशी, येऊन थांबली.

पण ती थांबली नव्हती. दगड अजून पुढं होता, लांब, पांढरा. आणि माझ्याकडं तेरावी ओवी नव्हती. बारा वर्षांत कधी लागलीच नव्हती. पुढची पावलं मी नुसती टाकली. तेव्हा पहिल्यांदा मला माझे पाय ऐकू आले. एक जड, एक हलका. धप्, टप्. धप्, टप्. आईच्या जात्याची खुंटी सैल झाली की असा आवाज यायचा.

दगडाला हात लावला. सर ओरडले नाहीत. त्यांनी घड्याळ माझ्यापुढं धरलं. तीन त्रेचाळीस.

बिरानं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग सरांकडं. त्याला आकडा कळला नाही, पण माझा चेहरा कळला. तो वाकला, दगडाच्या खाली दोन्ही हात घातले आणि हळूच विचारलं, "जरा आलीकडं घिऊ का?"

"नगं," मी म्हणाले. "आज न्हाय."

सरांनी सायकलच्या सीटवर फॉर्म ठेवला. लिहायला त्यांचा हात उचलेना. मी पेन घेतलं. निर्मला ज्ञानू खरात. वयाच्या रकान्याशी क्षणभर थांबले, मग लिहिलं : एकवीस. निमी माझ्या खांद्यावरून बघत होती. "ताई, खरातमधला 'ख' नीट काडा, 'रव' वाचतील," म्हणाली, आणि मग माझ्या पाठीवर डोकं टेकून रडली.

त्याला बावीस वर्षं झाली. मी अजून पळते, म्हणजे आता लोक त्याला चालणं म्हणतील. रोज सकाळी बाभळीपासून निघते, बारा ओव्या म्हणते. एकही जास्त नाही. दर दसऱ्याला बिरा माझ्याबरोबर येतो. बारावी जिथं पुरी होते, तिथं थांबायचं, आणि तो दगड तिथं आणून बसवतो. आता त्याच्यानं तो उचलवत नाही, पहारीनं लोटत आणतो. मूळ जागेपासून आधी दोनशे ढांगा, मग तीनशे, मग आणखी. आमचा किलोमीटर असा आखडत आलाय. बाभळीखालून बघितलं तर दगड आता डोळ्यांना स्पष्ट दिसतो, चुन्याचा ओघळसुद्धा.

परवाच्या दसऱ्याला तो घाम पुसत पहारीवर रेलून उभा होता.

"झाली का?" त्यानं विचारलं.

मी शेवटचा चरण मोठ्यानं म्हटला, त्याला ऐकू यावा म्हणून.

"येऊन थांबली."

"मग हितंच ठिवतो," बिरा म्हणाला, आणि चुन्याचं डबडं उघडलं.